उत्तर-दक्षिण

९ फेब्रुवारी १९२०, सोमवार

आज मिस कॉन्स्टन्स पेनफोल्ड स्वतः चालत माझ्या दारात आल्या. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेच्या या दोन खोल्यांत मोठ्या घरातले कोणी यावे, असे माझा नवरा रूबेन इथे मैदानवाला होता तेव्हाही घडले नव्हते. मी खेळाडूंचे पांढरे कपडे धूत होते. हात पुसले, खुर्ची पुसली. त्या बसल्या नाहीत.

"मिसेस बडन, तुमचं अक्षर चांगलं आहे असं पाद्रीसाहेब म्हणतात."

"चांगलं नाही, बाईसाहेब. पण वाचता येतं."

"तेच हवंय."

त्यांचे भाऊ मेजर एव्हरार्ड पेनफोल्ड लढाईत पडले, त्याला साडेतीन वर्षे झाली. मेजरांचे चरित्र छापायचे आहे. बाजारात विकायला नाही, घरच्यांना आणि पलटणीतल्या मित्रांना वाटायला. शाळेपासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी खेळाच्या आणि शिकारीच्या वह्या लिहिल्या. अकरा वह्या. त्या मी स्वच्छ उतरवून काढायच्या.

"तुमचे यजमान त्यांचे अर्दली होते. परक्या माणसाच्या हाती वह्या द्यायला मला नको वाटतं."

मग दाराशी वळून म्हणाल्या, "या घराचं क्लबात बोलणं चाललंय, ठाऊक आहे ना? नव्या मैदानवाल्याला हवंय. पुस्तक होईपर्यंत तुम्हाला कोणी हलवणार नाही, एवढं मी पाहीन."

कोऱ्या वह्यांचा गठ्ठा ठेवून गेल्या. त्यातली ही एक मी स्वतःसाठी काढून घेतली. ही चोरी आहे. लिहून ठेवते, म्हणजे लपवली असे व्हायला नको.

११ फेब्रुवारी

मला शाळा नव्हती. नवव्या वर्षापासून मी दुसऱ्यांच्या चुली पेटवत होते. लग्नानंतर रूबेन धावांची वही घरी आणायचा, बेरजा तपासायला. तो एकेका नावावर बोट ठेवी आणि मी ते नाव त्या माणसाच्या चेहऱ्याशी जोडी. अक्षरे मी अशी शिकले. 'पेनफोल्ड' हे मला वाचता आलेले पहिले नाव, कारण ते सगळ्यात वर असायचे आणि त्याच्यापुढे सगळ्यात जास्त धावा असायच्या. 'बडन' मी नंतर शिकले. ते तळाला असायचे.

पुढे मी मासे बांधून आलेला कागदसुद्धा वाचू लागले. वाचनालयाची तीन कपाटे संपवली. रूबेन म्हणायचा, "थर्झा, तुला अक्षरं दाखवली ही माझी चूक झाली. आता जेवण कोण वाढणार?"

आमची खाट उत्तर-दक्षिण आहे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती फिरवली. खेळपट्टी नेहमी उत्तर-दक्षिण आखायची, म्हणजे उतरते ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. तो नियम त्याच्या हाडात होता. मी हसले तर म्हणाला, "मेल्यावर चर्चच्या आवारात सगळ्यांसारखं थडग्यात पूर्व-पश्चिमच झोपायचंय. तोवर नीट झोपू."

२० फेब्रुवारी

चार वह्या झाल्या. मेजरांचे अक्षर घाईचे, पण सवयीने लागते. शाळेतले सामने, पहिला घोडा, पहिला कोल्हा. परगण्याच्या संघातून खेळले तो उन्हाळा. मग पलटण आणि हिंदुस्थान. पुण्याच्या छावणीत दोन वर्षे होते. एक नोंद अशी: 'बाजारात प्लेग. शहरात जायला मनाई. खेळपट्टी कडक, उत्तम. ६१ धावा.' मी पेन थांबवून ती पुन्हा वाचली. मग वाटले, खेळाच्या वहीत खेळच असणार. रूबेनच्या वहीत तरी पाऊस आणि गवत यापलीकडे काय होते?

रजेवर घरी आले की इथल्या मैदानावर खेळायचे. तिथे रूबेनचे नाव आहे. 'बडनची पट्टी गुळगुळीत. बडनसारखी पट्टी परगण्यात कोणाची नाही.' आतापर्यंत नऊ वेळा आले. मी कागदाच्या कडेला बारीक रेघा ओढत गेले.

४ मार्च

मिसेस पॉटल इस्त्री मागायला आली आणि दोन तास बसली. गावातल्या अर्ध्या चादरी ती धुते, त्यामुळे सगळ्यांचे सगळे तिला माहीत असते. तिचा मुलगा आल्फी पंधरा साली लढाईत गेला.

"काय लिहितेस गं एवढं?"

"मेजरांचं चरित्र."

"अगं बाई! त्यात आहे काय? घोड्यावर बसले, घोड्यावरून पडले, ससे मारले, मग ह्यांना कोणी मारलं. एका पानात होतंय."

मी म्हटले, असे बोलू नये. त्यांनी मला पत्र लिहिले होते. कर्नलच्या कारकुनाने नाही, स्वतः. ते पत्र मी तिला पुन्हा वाचून दाखवले. मला ते पाठच आहे. 'तुमचे पती माझ्या आज्ञेवरून एक महत्त्वाचा निरोप घेऊन जात असताना तोफगोळा लागून पडले. मृत्यू तत्क्षणी आला. त्यांना काही जाणवले नाही. याहून चांगला माणूस मला भेटला नाही.'

मिसेस पॉटल इस्त्रीवरचा गंज नखाने काढत होती. "आल्फीच्या पत्रातही तेच. तत्क्षणी. पलीकडच्या गल्लीतल्या जेसीच्या दिराच्याही. फ्रान्समध्ये कुणाला दुखलंच नाही बघ. सगळ्यात सुखाची जागा."

मला राग आला. आल्फीचे पत्र छापील होते, माझे हाताने लिहिलेले आहे. हे मी तिला बोलले नाही. पण मनात आले, ते इथे लिहिते.

१५ मार्च

ज्याला हे घर हवे आहे तो ईनॉक स्टाइल्स. नवा मैदानवाला. लढाईत रूबेनच्याच कंपनीत होता. डावा पाय गुडघ्यापासून ताठ. सध्या रोलरच्या शेडमध्ये झोपतो. बायको आणि दोन मुली तिच्या आईकडे, नऊ मैलांवर. मला पाहिले की टोपी काढतो आणि दुसरीकडे बघतो. घर मागायची लाज वाटत असेल, असे मी धरून चालले आहे.

आज घोड्याच्या पायांत कातडी बूट चढवत होता, खुरांनी गवत खणले जाऊ नये म्हणून. ते बूट रूबेनने शिवलेले.

मी म्हटले, "टाके उसवलेत. द्या, शिवून देते."

"नको, मिसेस बडन. तुम्ही कशाला."

"तुम्ही रूबेनबरोबर होता ना, शेवटी?"

"कंपनीत होतो."

"निरोप कुठे घेऊन चालला होता, काही कळलं होतं का?"

तो घोड्याच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. "मला तेव्हा दवाखान्यात नेलं होतं," म्हणाला.

२६ मार्च

दहावी वही. सन सोळा. वाक्ये तीच. 'तितर, सात.' 'पलटणीच्या शर्यती, दुसरा आलो.' त्याच ओळीत, 'काल रात्री चार माणसे गेली.' मेमध्ये तोफखान्याच्या अफसरांशी सामना ठरतो आहे. 'बडनला पट्टी शोधायला पाठवले.' हा रूबेन. सत्तावीस रेघा झाल्या.

३० मार्च

आज काही लिहीत नाही.

३१ मार्च

जसे आहे तसे उतरवते.

'२३ मे. स्वच्छ. वारा नैर्ऋत्येचा, हलका. सामना उद्या. बडनने पट्टी दोन झाड्यांमधल्या गल्लीत आखली, पूर्व-पश्चिम! सहा वाजता ऊन थेट डोळ्यांत. म्हणालो, हे चालायचे नाही. तो म्हणाला, इथे आडोसा आहे, साहेब. वरच्या कुरणात जर्मनांच्या टेहळणी फुग्यातून सगळे दिसते. कापलेली पट्टी वरून नव्या वाटेसारखी दिसेल. मी म्हणालो, फुग्याला क्रिकेट कळत नाही. सगळे हसले. पट्टी वर हलवायला लावली. उत्तर-दक्षिण. चार वाजता तीन गोळे. दुसरा पट्टीवर. बडन गेला. स्टाइल्सचा पाय. सामना रद्द.'

एवढेच. निरोप नाही. निरोप कुठेच नाही. मी पुढची-मागची पाने पाहिली.

चार वर्षे मी तो निरोप लोकांना सांगत आले. दुकानात सांगितला, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितला. रूबेनच्या आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगितला, तर ती म्हणाली होती, "काहीतरी मोठं असेल गं त्यात. असं कुणाला पाठवत नाहीत." ती त्या निरोपावर डोके ठेवून मेली.

२ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चला गेले नाही. शेडवर गेले. ईनॉक रोलरच्या दांड्यावर बसून पाव खात होता. मी नोंद वाचून दाखवली. त्याने पाव खाली ठेवला.

"साहेबांनी लिहून ठेवलं होतं?"

"सगळं. तुम्ही मात्र मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? सांगून तो परत येणार होता का? आणि पेनफोल्डांच्या शिफारशीवर मला हे काम मिळालंय, मिसेस बडन. ताठ पायाच्या माणसाला कोण कामावर घेतं?"

"तत्क्षणी गेला?"

तो दांड्यावरची वाळलेली माती अंगठ्याने पुसू लागला.

"ईनॉक. मी काही कोवळी पोर नाही."

"पाऊण तास."

"बोलला?"

"बोलला थोडं. आधी मला म्हणाला, पाय हलवू नकोस. मग म्हणाला, रोलर पट्टीवर उभा ठेवू नका, खळगा पडेल. तेच दोनदा म्हणाला. मला तर उठता येत नव्हतं. तेवढ्यात साहेब आले धावत. उघड्यावरून, टोपी नाही, काही नाही. तिसरा गोळा तेव्हाच पडला. त्यांनी एकट्यानं तो रोलर ढकलला, पार कडेपर्यंत. दोन माणसांचा रोलर तो. हाताची सालं निघाली त्यांच्या."

"पट्टीची काळजी," मी म्हटले.

ईनॉकने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होता. मग पाव उचलून कागदात गुंडाळला. "त्यानंतर साहेब कधी खेळले नाहीत," एवढेच म्हणाला.

"लढाई चालली होती. कुठे खेळणार होते?"

माझे नाव घेतले का, हे विचारायचे राहिले. मुद्दामच राहिले असेल.

१२ एप्रिल

अकरावी वही. मला वाटले होते, दुसऱ्या दिवशी तरी रूबेनविषयी एक ओळ असेल. एक शब्द. सत्तावीस वेळा त्याचे नाव लिहिले, मग एक ओळ जड नव्हती. नाही. २३ मेनंतर रूबेनचे नाव या वहीत एकदाही नाही.

आहे काय, तर सूर्य. तितर नाहीत, घोडे नाहीत. रोजची एक ओळ. 'सूर्यास्त आठ वाजून चार मिनिटे.' 'सहा वाजता सूर्य उजव्या हाताला, दोन बोटे वर.' 'पाच वाजता डोळ्यांत जात नाही. साडेपाचला जातो, पण टोपीने भागते.' जून, जुलै, ऑगस्ट. भोवती हजारांनी माणसे मरत होती, ते वर्तमानपत्रात मी वाचले आहे, आणि हा माणूस बोटांनी ऊन मोजत बसला होता. पुढच्या सामन्याची तयारी.

शेवटची नोंद १ ऑक्टोबरची. 'बारा ते चार खेळलो असतो, तर ऊन कुणाच्याच डोळ्यांत गेले नसते. पट्टी कुठेही असती. बारा ते चार.' दुसऱ्या दिवशी ते पडले. मिस कॉन्स्टन्सना आलेल्या पत्रात लिहिले आहे की, ते खंदकाच्या कडेवर उभे होते, उतरत्या उन्हाकडे तोंड करून. खाली या म्हणून माणसे हाका मारत होती.

मरणाच्या आदल्या दिवशीही सामन्याची वेळ ठरवत होते. मी ते उतरवले आणि पेन पुसून ठेवले. मला इतका तिरस्कार कधी कुणाचा वाटला नव्हता.

१९ एप्रिल

मोठ्या घरी गेले. मिस कॉन्स्टन्सनी शेवटच्या दोन वह्या उघडल्याच नव्हत्या. मी २३ मेचे पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ही नोंद गाळा, मिसेस बडन."

"गाळू?"

"तुमच्याचसाठी म्हणते मी. एव्हरार्डनं तुम्हाला जे लिहिलं ते दयेपोटी लिहिलं. तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून."

"सगळे हसले, बाईसाहेब. माझा नवरा बरोबर बोलत होता आणि सगळे हसले."

"ते फार तरुण होते सगळे. आता त्यातलं कोणी उरलंय का हसायला?"

मग त्या खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

"सुटीच्या सोमवारी, चोवीस मेला, त्याच्या नावाचा सामना आहे. पॅव्हिलियनच्या मधल्या दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी बसतेय. तुम्ही माझ्याजवळ बसावं अशी माझी इच्छा आहे. पाद्रीसाहेब निरोपाचा उल्लेख करतील. आणि घराचं म्हणाल तर, मी क्लबाशी बोलले आहे. तुम्ही असेपर्यंत ते घर तुमचं. स्टाइल्सची दुसरीकडे कुठेतरी सोय पाहू."

"आणि नोंद?"

"मला एकच भाऊ होता हो."

मला एकच नवरा होता, हे मी म्हणायला हवे होते. घरी पोचल्यावर सुचले. नेहमी असेच होते माझे.

३ मे

नोंद गाळली. स्वच्छ प्रतीत २२ मेच्या खाली ३० मे आला आहे. कोणाला काही कळणार नाही. सूर्याच्या ओळीही मिस कॉन्स्टन्सनी काढायला सांगितल्या, वाचणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून. म्हणजे मेजर मे महिन्यातच संपतात आणि एकदम ऑक्टोबरमध्ये मरतात.

मला बेचाळिसावे चालू आहे. पाठीत कळ येते. या घराच्या चुलीला कुठून वारा लागतो ते मला माहीत आहे. असेपर्यंत घर माझे. मिसेस पॉटलला सांगितले तर म्हणाली, "बरं केलंस. खऱ्यानं छप्पर शाकारता येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तरी पण, थर्झा, मी तुझ्या जागी असते ना, तर…"

"तर काय?"

"काही नाही. मीही हेच केलं असतं. म्हणून तर चीड येते."

ईनॉकची बायको परवा मुलींना घेऊन आली होती. चौघे शेडमध्ये रोलरभोवती बसून जेवत होते. धाकटी रोलरवर बसली होती. मी पडदा ओढून घेतला.

२३ मे, रविवार

आज चार वर्षे. ईनॉक उद्यासाठी पट्टी दाबत होता. चार वाजता त्याने घोडा थांबवला, टोपी काढली, रोलर पट्टीबाहेर नेऊन उभा केला आणि मग परत टोपी घातली. मी खिडकीत होते. त्याने इकडे पाहिले नाही.

२४ मे, सोमवार

क्रमाने लिहिते.

आमच्या पॅव्हिलियनला दोन दारे आहेत. मधल्या दारातून हौशी खेळाडू, म्हणजे साहेब लोक, मैदानात उतरतात. पैसे घेऊन खेळणारे बाजूच्या दाराने, जिथे कोळशाची पिंपे असतात. रूबेनने याच मैदानावर एका डावात नऊ गडी बाद केले होते. तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो कोळशाच्या पिंपांमधून आत गेला. एकोणीस वर्षे तो त्या मधल्या दाराचा उंबरा धूत आला, त्यातून आला-गेला कधीच नाही.

आज मिस कॉन्स्टन्सनी माझा हात धरून मला त्याच दारातून बाहेर आणले. वर नवी पितळी पाटी. लोक उभे राहिले. मला पहिल्या रांगेत बसवले. माझ्या अंगावर काळा पोशाख होता. मिसेस पॉटल चहाच्या टेबलामागे उभी होती. ईनॉक पट्टीच्या टोकाशी.

पाद्रीसाहेब बोलले. मेजरांचे घोडे, मेजरांची बॅट, मेजरांचे शौर्य. मग म्हणाले, "आणि या प्रसंगी आपण त्या साध्या सेवकालाही विसरता कामा नये, जो आपल्या धन्याचा निरोप पोचवताना धारातीर्थी पडला. आपला रूबेन बडन. धन्यानं हाक दिली, सेवकानं ओ दिली. त्याची पत्नी आज इथे आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले होते, मान खाली घालून बसायचे, झाले. तेवढे मी नक्की करू शकले असते. पण माझ्या समोर पट्टी होती. सुरेख होती. उत्तर-दक्षिण.

मी उठले.

"निरोप नव्हता," मी म्हटले. आवाज इतका लहान निघाला की पाद्रीसाहेबांनी कानामागे हात नेला. मग मी मोठ्याने बोलले. "तो निरोप नेत नव्हता. रोलर ओढत होता. दुसऱ्या दिवशी सामना होता. त्यानं झाडीच्या आड पट्टी केली होती. मेजर म्हणाले, डोळ्यांत ऊन येतं. हलव. तो म्हणाला, वर शत्रूला दिसेल. सगळे हसले. त्यानं हलवली. आणि तो तत्क्षणी गेला नाही. पाऊण तास लागला."

कुठेतरी कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मिस कॉन्स्टन्स सरळ समोर पाहत होत्या, फक्त हातमोज्याचे बटण लावत आणि काढत होत्या. मागून एक पुरुष हळू आवाजात म्हणाला, "बिचारी, डोक्यावर परिणाम झालाय." तेव्हा पट्टीच्या टोकावरून ईनॉक ओरडला, "परिणाम बिरिणाम काही नाही. मी होतो तिथं." ओरडला आणि स्वतःच घाबरल्यासारखा आपल्या ताठ पायाकडे पाहत राहिला.

पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटले. पंचांनी घड्याळ पाहिले. मला वाटले होते, आता काहीतरी होईल. काय ते मला सांगता येणार नाही. कोणी रडेल, कोणी मला हाकलेल, निदान सामना तरी थांबेल.

पाच मिनिटांनी नाणेफेक झाली.

मी बाजूच्या दाराने बाहेर पडले. मिसेस पॉटल चहाचे टेबल तसेच सोडून मागे आली. "चल," म्हणाली, "त्यांचे त्यांना ओतून घेऊ देत."

१ जून

क्लबाचे पत्र आले. सभ्य आहे. महिनाअखेरीस घर रिकामे करावे. मिस कॉन्स्टन्सनी वेगळी चिठ्ठी पाठवली होती: 'उरलेले लेखन पाद्रीसाहेबांची भाची पुरे करील. मी तुम्हाला दोष देत नाही. मला तुमचे तोंड पाहवणार नाही, एवढेच.' मी अकराही वह्या परत केल्या. ही बारावी माझी.

ईनॉक आला, टोपी हातात. "मी नाही म्हणतो, मिसेस बडन. त्यांना सांगतो, नको मला घर."

"मूर्खपणा करू नका. मुलींना शेडमध्ये किती दिवस ठेवणार? चुलीला नैर्ऋत्येचं वारं लागतं, धुराचं झाकण अर्धंच उघडायचं. आणि खाट फिरवू नका. आहे तशी राहू द्या."

त्याचीही नोकरी जाईल, असे मला वाटले होते. गेली नाही. सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या कप्तानाने पट्टीची फार तारीफ केली म्हणे.

जाताना दाराशी घुटमळला. "साहेबांच्या शेवटच्या वहीत काय होतं हो? ऐकलं, ती छापणार नाहीत."

"ऊन," मी म्हटले. "रोजचं ऊन. किती वाजता डोळ्यांत जातं, किती वाजता जात नाही. बारा ते चार खेळलो असतो तर, म्हणे."

ईनॉक दाराच्या चौकटीला टेकला. डोळे पुसले त्याने. घराच्या आनंदाने असेल. माणूस शेडमध्ये राहून हळवा होतो.

२९ जून

मिसेस पॉटलच्या मागच्या खोलीत आले. एक पेटी, एक खुर्ची, खाट. खोली इतकी अरुंद आहे की खाट एकाच तऱ्हेने बसते. पूर्व-पश्चिम. मिसेस पॉटल म्हणाली, "खिडकी पायाशी आहे बघ. सकाळी उजेड छान येतो."

३० जून

सहाला जाग आली. ऊन सरळ डोळ्यांत.

मी तशीच पडून राहिले. किती त्रास होतो ते पाहायचे होते मला. डोळे मिटले तर लाल दिसते. उघडले तर पाणी येते. मग मी हात कपाळावर आडवा धरला, आणि सगळी खोली नीट दिसू लागली.

एवढेच होते ते.